गाणं ऐकून एखाद्या गावात राहायला जावंसं वाटलंय का?

जेकार्ड | शनिवार, रात्री ११:५०

धागा कसा काढायचा हे सोलापूरकराला शिकवायला लागत नाही, पण इथं मी पहिल्यांदाच काढतोय. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

काल रात्री पडल्या पडल्या मोबाईलवर धारवाडचे गवई मल्लिकार्जुन मन्सूर यांचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि बायकोला म्हणालो, "रिटायर झाल्यावर धारवाडला राहू या का?" ती कूस न बदलता म्हणाली, "तीन वर्षं राहून आलात की. तेव्हा तर महिन्यातून दोनदा पळून यायचात."

बोलणं खरं आहे, म्हणूनच झोप आली नाही.

मूळ गोष्ट ८५-८६ सालची. आम्ही दाजी पेठेत राहायचो. खाली सहा माग, वर आम्ही. उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपायचं. आई अक्कलकोटकडची, त्यामुळं तिला कन्नड जास्त जवळचं. रात्री ती धारवाड आकाशवाणी लावायची. दिवसा तिथं नुसती खरखर, अंधार पडला की आवाज एकदम स्वच्छ. मला ती जादूच वाटायची. पुढं कॉलेजात कळलं की दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर मध्यम लहरी गिळून टाकतो, रात्री तो थर विरतो आणि लहरी त्याहून वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब जाऊन पडतात. म्हणजे धारवाडचं गाणं आमच्या गच्चीवर अक्षरशः आभाळातून पडत होतं.

राग-बिग मला काही कळत नव्हतं. मन्सूर लागले की कळायचं एवढंच, की हा म्हातारा कुठंतरी गार हवेत बसलाय. आमच्याकडं रात्री अकरालाही गच्चीची फरशी चटके द्यायची आणि तिकडून येणारा आवाज मात्र नुकत्याच पाऊस पडलेल्या गावातला. लाल माती, कौलं, आंब्याची झाडं, घराघरात तंबोरा. हे सगळं मी न बघता उभं केलं होतं. आई म्हणायची, "धारवाडात पाऊस थांबतच नाही." मग तर झालंच.

बँकेत लागलो. पुढं बऱ्याच वर्षांनी बदलीचे पर्याय विचारले तेव्हा धारवाड लिहिलं. साहेब म्हणाले, "पुणं सोडून?"

माळमड्डीत खोली घेतली. पाऊस होता, कौलं होती, लाल माती चपलेला चिकटत होती. तंबोरा मात्र नव्हता. शेजारी मिक्सर, पलीकडं टीव्हीवरची मालिका, कोपऱ्यावर मोटरसायकलचं गॅरेज. मन्सूरांचं 'मृत्युंजय' हे घर बघायला गेलो, फाटकापाशी उभा राहिलो आणि आत न जाताच परतलो. का ते अजून सांगता येत नाही.

त्याहून वाईट म्हणजे तिथं मन्सूर ऐकावेसेच वाटेनात. लावले तरी काहीतरी कमी पडायचं. महिन्याभरानं उलगडलं. लहानपणी मी ते गाणं मागाच्या आवाजासकट ऐकलं होतं. खाली रात्रपाळीत धोटा खटाक-खटाक चाललेला आणि वरून तान. माझ्या कानात ते दोन्ही मिळून एकच गाणं होतं. भावाला फोन करून म्हणालो, फोन जरा मागाजवळ धर. तो म्हणाला, "डोकं फिरलंय का?" पण धरला. मी ते रेकॉर्डही करून ठेवलं.

तर प्रश्न असा: तुम्हाला गाण्यामुळं कुठल्या गावाची ओढ लागली? आणि जे खरंच तिथं जाऊन राहिले, त्यांचं काय झालं?

बाळीवेस | रात्री १२:१०

काय बे, इतकं लिहिलंस आणि धारवाडचा पेढा एका शब्दानं नाही? लाईन बझारमध्ये जाऊन आला नसशील तर तुझी बदली फुकट गेली.

मला कुठल्याच गाण्यानं सोलापूरबाहेर काढलेलं नाही. बायकोनं काढलं, पुण्याला.

चार_दिवसाआड | रात्री १२:२५

गाणी ऐकून गाव निवडायचं हे भरल्या पोटाचे चोचले. गाव निवडताना बघायचं काय? पाणी. आमच्याकडं नळाला चार दिवसांनी पाणी येतं. ज्या गावाला रोज पाणी, त्या गावासाठी माझा जीव कासावीस होतो, तिथले लोक गात असोत की रडत असोत.

खरज | रात्री १२:४०

@चार_दिवसाआड, रोज पाणी येतं म्हणून कुणी घर सोडून पळाल्याचं ऐकलं नाही. गाण्यासाठी पळालेत. भीमसेन जोशी गदगला असताना दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकायचे, झिंझोटीतली ठुमरी. त्या आवाजानं ११ वर्षांचं पोर घरातून निघालं. खिशात पैसा नाही. विजापूर, पुणं करत ग्वाल्हेर गाठलं, पुढं भटकत जालंधरपर्यंत गेले, तिथं वडिलांनी शोधून काढलं. आणि गुरू शेवटी मिळाला कुठं? कुंदगोळला, सवाई गंधर्व. घरापासून जेमतेम एका दिवसाच्या अंतरावर.

गदग-होटगी लाईन आपलीच. विजापूरकडची गाडी फलाटावर दिसली की मला हमखास ते पोर आठवतं.

आता जेकार्ड यांच्या मुद्द्याकडं. तुम्ही ज्याला धारवाडचा आवाज म्हणता तो कुठं कुठं तयार झाला बघा. मन्सूर आधी कन्नड नाटक कंपनीत. मग मिरजेच्या नीलकंठबुवा अलूरमठांकडं ग्वाल्हेरची तालीम. मग मुंबईत मंजी खाँसाहेब, ते १९३७ साली गेले, तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ भूर्जी खाँसाहेब. म्हणजे जयपूर-अत्रौली गायकी. जयपूर राजस्थानात, अत्रौली अलीगडकडं. गच्चीवर पडून तुम्ही नक्की कुठल्या गावाचा पाऊस ऐकत होता?

जेकार्ड | रात्री १२:५५

हे वाचून पाच मिनिटं गप्प बसलो. तरी पाऊस धारवाडचाच होता हो. तेवढं राहू द्या.

बाळीवेस | रात्री १:०५

लहानपणी मला किराणा घराणं म्हणजे वाण्याचं घराणं वाटायचं. साखर, गूळ आणि सोबत खयाल. गाव आहे हे फार उशिरा कळलं.

खरज | रात्री १:१२

आहे की. कैराना, उत्तर प्रदेशात शामली जिल्ह्यात. किराणा गायकीचे अब्दुल करीम खाँसाहेब मूळचे तिथले, राहिले मात्र मिरजेत. त्यांच्या नावानं दरवर्षी गाणं होतं तेही मिरजेच्या दर्ग्यात. गावाचं नाव गायकीला चिकटलं आणि गायकी गाव सोडून गेली. किराणा ऐकून कैरान्यात घर घ्यावंसं वाटलेला माणूस मला अजून भेटायचाय.

गिरणीचा_भोंगा | रविवार, सकाळी ९:२०

वाचनखूण साठवली. माझं प्रकरण जरा वेगळं आहे, हसू नका.

माझे आजोबा गिरणीत. मी जन्मलो तेव्हा गिरणी शेवटचे आचके देत होती, नंतर बंदच पडली. मी ज्या आवारात क्रिकेट खेळलो त्याला सगळे 'मिल' म्हणायचे, पण मिल म्हणजे काय असतं ते मी चालू अवस्थेत पाहिलेलं नाही. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर एका मित्रानं जॉय डिव्हिजन नावाचा बँड ऐकवला. इंग्रजी निम्मं कळलं नाही. पण ते ड्रम, तो पोकळ आवाज! मी म्हणालो, हे बंद गिरणीत वाजवतायत. मित्र म्हणाला, नाही बाबा, स्टुडिओत. मी म्हणालो, असेल, पण ही पोरं गिरणीच्या गावची आहेत.

शोधलं तर मँचेस्टर आणि सॅलफर्ड! एकेकाळी जगभरचा कापूस गिळणारं गाव. गिरण्या मेल्या आणि पोरांनी बँड काढले. १९७८ साली रेकॉर्ड कंपनी निघाली, तिचं नाव काय ठेवलं? फॅक्टरी. त्याच मंडळींनी ८२ साली एका गोदामात हासिएंडा नावाचा क्लब काढला. तो बंद पडला ९७ साली.

दहा वर्षं मला मँचेस्टरला राहायचं होतं. लंडन कधीच नाही. कंपनीनं ऑनसाइट पाठवलं, आठ महिने. पहिल्या शनिवारी हासिएंडा शोधत गेलो. तिथं फ्लॅट उभे आहेत, नाव तेच ठेवलंय, हासिएंडा अपार्टमेंट्स. समोर उभा राहून हसू आलं. म्हणजे इकडं मिलच्या जागेत उद्या टॉवर उभा राहिला तर त्याला 'लूम रेसिडेन्सी' म्हणतील.

पण मी जेकार्डांसारखा निराश नाही झालो. एका जुन्या गिरणीच्या भिंतीशी, विटांवर काळं साचलेलं, पावसात उभं राहून तेच गाणं हेडफोनवर ऐकलं. तेव्हा आजोबांचा वास आला. तेल आणि सरकी. सोलापुरात मिलच्या आवारात इतक्या वेळा गेलो, तिथं कधी आला नव्हता.

तरवड | सकाळी १०:०५

भोंगा, सुंदर लिहिलंय. एक शंका: तुमच्या आजोबांच्या गिरणीतल्या कामगारांनी बँड नाही काढले, असं कसं म्हणता? भजनी मंडळं, मेळे, कलापथकं, शाहिरी हे काय होतं मग? ते तबकडीवर आलं नाही, एवढाच फरक.

गिरणीचा_भोंगा | सकाळी १०:१५

सपशेल मान्य. आजोबा स्वतः भजनात पखवाज वाजवायचे. एकदाही रेकॉर्ड केला नाही. फोन खिशात असून.

तरवड | सकाळी १०:४०

आता माझं सांगते. आमचं घर तेलुगू, पद्मशाली. पणजोबा वरंगळकडून मागावर काम करायला आले आणि इथलेच झाले. सोलापूरबाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते, आमच्या पेठांमध्ये दुकानाच्या पाट्यासुद्धा तेलुगूत दिसतात.

नवरात्रात आजी बतुकम्मा रचायची. ताटात फुलांचा गोल थर, त्यावर लहान थर, असं करत शिखर. सगळ्यात महत्त्वाचं फूल तंगेडु, म्हणजे आपला तरवड (माझ्या आयडीचं रहस्य फुटलं). ती पिवळी फुलं माळावर मिळतात. पहाटे आजोबा सायकलवरून पिशवी भरून आणायचे. मग बायका भोवती फेर धरायच्या, टाळी देत वाकायच्या, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी 'उय्यालो'. त्या गाण्यांत तळी, बांध, माहेर, भाऊ न्यायला आला, असलं सगळं. आजी स्वतः सोलापुरात जन्मलेली, वरंगळ तिनं दोनदा पाहिलेलं, तेही लग्नाला. पण गाताना तिचा चेहरा असा व्हायचा की आत्ता पिशवी भरून निघेल.

तिची ओढ मला लागली. जेमतेम पाहिलेल्या माणसानं न पाहिलेल्या माणसाला दिलेली. शेवटी २०१९ ला गेले, मुद्दाम नवरात्रात. हनमकोंड्याला हजार खांबी देवळापाशी हजारो बायका, एकेक बतुकम्मा माझ्या कमरेइतकी. डोळे भरून आले. मग शेजारच्या बाईशी बोलायला तोंड उघडलं तर ती फिस्सकन हसली! "तुम्ही महाराष्ट्रातल्या का?" माझं तेलुगू म्हणे मराठीच्या चालीवर चालतं. चुलत बहिणीनं तर दिवसभर माझी नक्कल केली. आजीचे दोन-तीन शब्द तिथं आता कुणी वापरतही नाही, फक्त सोलापुरात उरलेत.

रात्री बहिणीनं विचारलं, "राहतेस का इथंच?" मी म्हणाले, "परवाची गाडी आहे."

अर्धी_भाकरी | सकाळी ११:३०

तरवड, आजीचे ते शब्द कुठंतरी लिहून ठेवा, आजच.

माझी ओढ लिस्बनची. कारण गोव्यातली नोकरी. तिथं घरमालकीणबाई रविवारी दुपारी फादो, म्हणजे पोर्तुगालची गाणी लावायच्या, अमालिया रॉद्रिगिशची. बारा तारांची ती पोर्तुगीज गिटार आणि बाईचा गळा. शब्द एकही कळायचा नाही. बाईंनी 'सौदाद' शब्द समजावायचा प्रयत्न केला: जे गेलं किंवा कधी नव्हतंच, त्याची हुरहूर. मी म्हणाले, आमच्याकडं ह्याला 'जीव लागत नाही' म्हणतात. त्यांना पटलं नाही. २०११ ला युनेस्कोनं फादोला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा बाईंनी आख्ख्या वाड्याला दोदोल वाटला.

लिस्बनला गेले नाही, जाणारही नाही. पासपोर्टची मुदत संपली तेव्हा नूतनीकरण मुद्दाम केलं नाही. जेकार्डांचं वाचून निर्णय बरोबर होता असं वाटतंय.

चार_दिवसाआड | सकाळी ११:४५

म्हणजे निष्कर्ष एकच. जाऊ नये. तिकिटाचे पैसे वाचवा, टाकी बांधा.

खरज | दुपारी १२:२०

नाही हो, इतकं सोपं नाही. कुमार गंधर्वांचं बघा. बेळगावकडचा माणूस, क्षयानं आजारी, १९४८ ला हवापालट म्हणून देवासला. गाण्यासाठी गेलेच नव्हते, गाणं तर डॉक्टरांनी बंद केलेलं. अंथरुणात पडून कानावर येत होती ती माळव्याची लोकगीतं. त्यातून पुढं काय उभं राहिलं ते सांगायला नको. ओढ नसताना गेलेल्या गावानं गाणं दिलं.

आणि उलटं उदाहरण लखनौचे नवाब वाजिद अली शाह. १८५६ ला इंग्रजांनी गादीवरून काढलं, कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला गेले. लखनौला परत जाता आलं नाही. मग काय केलं? गवई, कथक, पतंग, स्वयंपाकी, सगळं तिथंच वसवलं, १८८७ ला मरेपर्यंत. लखनौचं गाणं कलकत्त्यात रुजलं ते असं.

आता जिव्हाळ्याचा विषय. जेकार्ड, तुम्ही घराघरात तंबोरा म्हणालात ना? मी मूळचा पंढरपूरचा. तंबोऱ्याचा भोपळा आपल्या जिल्ह्यात पिकतो. पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यात. खायचा नव्हे, कडू. वेलावर नीट वाळू द्यायचा, मग महिनोन् महिने सावलीत ठेवायचा, बोटानं टिचकी मारली की टणक आवाज आला पाहिजे. शेतकऱ्याला जीव मुठीत धरून बसावं लागतं, एक गारपीट आणि सगळ्या भोपळ्यांना डाग. तिथून माल मिरजेला. मिरजेत शिकलगारांच्या पिढ्यान् पिढ्या हे काम करतात, आधी हत्यारांना धार लावायचे, मग तंतुवाद्यांकडं वळले. भोपळा कापून, पाण्यात भिजवून, आकार देऊन त्यावर तुणीच्या लाकडाची दांडी बसवतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, जसं आपल्या चादरीला आहे.

तिथं एका दुकानात गेलो होतो. कारागीर जवारी लावत होता. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा असतो, तो केसभर पुढं-मागं सरकवायचा. जागा चुकली की तार मुकी, जागा सापडली की आवाज फुलतो. त्या धाग्याला 'जीव' म्हणतात. मला विचारलं, कुठले? म्हणालो, सोलापूर. म्हातारा मान वर न करता म्हणाला, "मग येताना थोडं सूत आणायचं की."

जेकार्ड | दुपारी १:००

@खरज, हे माहीत असतं तर धारवाडात तंबोरा नाही म्हणून रडलो नसतो. भोपळा आमचा, सूत आमचं, आणि मी शोधायला गेलो माळमड्डीत!

बाळीवेस | दुपारी १:१०

सूत-भोपळा तुझं, हवा त्यांची. तुझ्या गच्चीवर ४३ डिग्रीत तंबोरा ठेवलास तर तडकून दोन तुकडे होतील बे.

गिरणीचा_भोंगा | दुपारी १:३०

मागाच्या आवाजाबद्दल एक जोड. डेट्रॉईटमध्ये बेरी गॉर्डी मोटारीच्या कारखान्यात असेंब्ली लाईनवर होता. १९५९ ला त्यानं मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी काढली तेव्हा गाणी बनवायची पद्धतही तिथलीच उचलली: एका टोकाला नवखा पोरगा आत, दुसऱ्या टोकाला गायक बाहेर. कारखान्याचा ठेका कानात बसला की निघत नाही. तेव्हा जेकार्ड, तुमचे मन्सूर अधिक माग हे वेड नाही.

नागपुरी_संत्रं | दुपारी २:१५

मी विदर्भातला, तरी मध्ये पडतो. मला सोलापूरची ओढ लागली होती. हसा.

हॉस्टेलला रूममेट सोलापूरचा. संक्रांत जवळ आली की त्याला काहीतरी व्हायचं. त्यानं मोबाईलवर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतला आवाज भरून आणला होता. हलगी, सनई, आणि हजारो गळ्यांतून एकदम "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" ते 'हर्र' ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही तेच लावायचो. तिसऱ्या वर्षी गेलोच. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, उंच काठी पोटाशी तोलून चाललेली. ध्वज जवळ आला तेव्हा रूममेट माझ्याशी बोलायचा बंद झाला. हात जोडून उभा, मला विसरलाच.

राहायला नाही आलो. पण शेंगाचटणी मागवतो अजून.

बाळीवेस | दुपारी २:३०

ए संत्र्या, रडवतोस का बे. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून वाचतोय. गेल्या दोन संक्रांतींना सुट्टी मिळाली नाही.

तरवड | दुपारी ३:००

जेकार्ड, ते मागाचं रेकॉर्डिंग आहे का अजून? इथं टाकाल? आमचे माग मागच्या वर्षी भंगारात गेले. किलोच्या भावानं. घरात आता इतकं शांत असतं की फ्रीज ऐकू येतो.

जेकार्ड | रात्री ९:४०

भावाचेही दोनच राहिलेत, तेही आठवड्यातले तीन दिवस चालतात.

जुना फोन शोधला, चार्जर सापडेना, शेजारच्या पोराकडून आणला. आहे रेकॉर्डिंग. चार मिनिटं दहा सेकंद. बायकोनंही ऐकलं, काही बोलली नाही, पण परत लावा म्हणाली. तिसऱ्या मिनिटाला धागा तुटतो, माग थांबतो आणि भाऊ एक सणसणीत शिवी देतो. पोराला सांगून तेवढी कापून उद्या टाकतो.

तरवड | रात्री ९:४४

कापू नका.

बाळीवेस | रात्री ९:४५

शिवीसकट टाक बे.